एकशे दहा ग्रॅम

सियागंजात मुर्तझाभाईंच्या काउंटरवर
जुन्या वर्तमानपत्रावर आडवे तीन फोर्क,
धुऊन पुसलेल्या वांग्यांसारखे काळे, चकचकीत.
"भिया, हाथ में लेके देखो."
पहिला घेतला. तीनशे सत्तर ग्रॅम.
हातात काही आहे असं वाटेना.

सांवेर रोडच्या कारखान्यात
बत्तीस वर्षं मी ओतकामं टिचकी मारून पास करतो.
लोखंड बोलकं असतं.
आधी वाकतं, गंज दाखवतं, कुरकुरतं,
मोडायच्या आधी चार जणांच्या कानावर घालून ठेवतं.
कार्बन सांगत नाही.
वरून धड, आत थर थरापासून सुटलेला,
आणि एखाद्या रविवारी राळामंडळच्या उतारावर
हूं की चूं न करता

क्षिप्राच्या हनुवटीला चार टाके.
एमवायच्या कॅज्युअल्टीत
टाके घालणाऱ्या पोराला ती विचारत होती,
पुढचं चाक सरळ आहे ना?

आता या तिघांतला एक.
दुसरा चारशे ऐंशीचा.
तिसऱ्यावर नाव नाही, "बिलकुल वैसाच, आधे में,"
त्याला मी बोटसुद्धा लावलं नाही.
खिशातून दहाचं नाणं काढलं
आणि वाजवत गेलो वरून खाली,
उन्हाळ्याच्या तोंडाशी माठ घेतात तसा.
डावा पाय जास्त वेळ वाजवला.
डिस्क ब्रेक त्या बाजूला,
थांबायचं सगळं ओझं त्या एका पायावर.
नळीत करंगळी घालून पाहिलं
आत कुठे सुरकुती आहे का, राळ साचली आहे का.
मुर्तझाभाई म्हणाले, "लडका देखने आये हो क्या?"
क्षिप्रा हसली. टाक्यांमुळे अर्धीच.

तिचं लक्ष दुसरीकडे.
टायर घेऊन आली होती, चिखल लागलेला तसाच.
"बाबा, आपली माती बघून कुणी बनवत नाही हे."
सोयाबीन निघालेल्या शेतात एक सर आली
की काळी माती कणकेसारखी चाकाला धरते,
थापली जाते, चढत जाते,
फोर्कच्या मानेत जाऊन बसते.
मग चाक थांबतं आणि आपण पुढे.
तिने टायर आणि मानेच्या मधे बोटं घातली.
पहिल्यात दीड.
दुसऱ्यात दोन, सैल.

"पण एकशे दहा ग्रॅम जास्त."
"एक जाम कम खा लेना, बेटा,"
मुर्तझाभाईंनी पेरूच्या हिशेबात मिटवलं.

रात्री लोकमान्यनगरच्या गॅलरीत आम्ही तो बसवला.
तिने उसना आणलेला टॉर्क पाना माझ्या हातात दिला.
पाच न्यूटन मीटर. क्लिक वाजलं की थांबायचं.
आवळून आवळूनच मरतं हे, म्हणाली.
बत्तीस वर्षं मी प्रत्येक नटाला
जाता जाता अर्धा आटा जास्त देत आलोय.
क्लिक वाजलं.
हात पान्यावरच राहिला थोडा वेळ.
ती बघत होती.
काढला.

आज सिमरोलच्या माळावर शर्यत.
गाड्यांच्या मागे उभा राहून मी पाहतोय
फळ्यांचा अडथळा येतोय, ती चालत्या सायकलवरून उतरते,
सायकल उचलून उजव्या खांद्यावर घेते, पळते.
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं,
की या खेळात सायकलच माणसावर बसते.

म्हणजे ते एकशे दहा ग्रॅम,
माझ्या पसंतीचे, दोन बोटं मोकळे,
प्रत्येक फेरीला तिच्या खांद्यावर.
आणि अजून सहा फेऱ्या आहेत.
तिने सायकल खाली टाकली, दाणकन,
पुढचं चाक आधी.
इतक्या लांबून
मी कान देऊन ऐकला तो आवाज.